लांबीखालचा गंज

काही महिन्यांपूर्वी बार्शीतल्या एका गॅरेजात आम्हाला एक जुनी फियाट बघायला मिळाली. फियाट म्हणजे खरे तर १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी. पण तिला सगळे फियाटच म्हणतात. गाडीची बरीच वर्षे मुंबईत गेली होती. निवृत्तीनंतर मालक गावी परतले, त्यांच्याबरोबर गाडीही आली. रंग चांगला चकचकीत होता. मालकांची समजूत अशी, की इंजिनाचे थोडे काम केले, टायर बदलले की गाडी रस्त्यावर आली.

पत्र्याचे काम करणाऱ्या मिस्त्रींनी खिशातून एक लहानसा लोहचुंबक काढला. बॉनेटवर ठेवला, तो टक्कन चिकटला. टपावर चिकटला, दाराच्या वरच्या भागावर चिकटला. दाराच्या खालच्या कडेला मात्र तो धरेचना. घसरून जमिनीवर पडला.

"मालक, इथं पत्राच नाय. नुसती लांबी हाय," मिस्त्री म्हणाले.

लांबी म्हणजे रंगाच्या आधी खड्डे भरायला वापरतात तो लगदा. मिस्त्रींनी त्या जागी पेचकसाचे टोक टेकवून जरा दाबले. टोक आत गेले आणि लांबीची खपली निघून आली. तिच्या मागे तपकिरी भुगा होता. मालकांच्या म्हणण्याप्रमाणे या जागेची पूर्वी दोनदा दुरुस्ती झाली होती. दोन्ही वेळा गंज खरवडला, लांबी भरली, रंग दिला. तरी आत गंज वाढतच राहिला.

आम्ही घरी परतलो ते एक प्रश्न घेऊन. लोखंड गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात, म्हणून हवा लागू नये यासाठी रंग द्यावा, असे आपण वर्गात शिकवतो. मग रंगाखाली, लांबीखाली, जिथे हवा जवळजवळ पोचत नाही तिथेच गंज सर्वांत जास्त का? आपण शिकवतो ते चूक आहे का?

चूक नाही, पण अपुरे आहे. ते पुरे करून घेतले की जुन्या गाडीचा पत्रा कसा दुरुस्त करावा हेही आपोआप कळते.

गंज ही एक बॅटरी आहे

प्रथम नेहमीचा प्रयोग आठवू. लोखंडाचा कीस ओला करून परीक्षानळीच्या तळाशी चिकटवायचा आणि नळी पाण्याच्या भांड्यात उपडी उभी करायची. (भांडी घासायच्या तारेची घासणी घेणार असाल तर ती गंजणारी आहे ना ते आधी पाहा, स्टेनलेस स्टीलची चालणार नाही.) काही दिवसांत कीस तपकिरी होतो आणि पाणी नळीत सुमारे एकपंचमांश उंचीपर्यंत चढते. हवेतला ऑक्सिजन लोखंडाने घेतला हे मुलांना दिसते.

परंतु हा ऑक्सिजन लोखंडाला नेमका कोठे भेटतो? आपली समजूत अशी असते, की जिथे ऑक्सिजन लागतो तिथेच लोखंड खाल्ले जाते. प्रत्यक्षात ही क्रिया दोन वेगळ्या जागी वाटून होते.

एका जागी लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवतो आणि आयन होऊन पाण्यात उतरतो. ही लोखंड खाल्ले जाण्याची जागा. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन धातूतून वाहत दुसऱ्या जागी जातात. तिथे ऑक्सिजन आणि पाणी ते इलेक्ट्रॉन घेतात व हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. ही ऑक्सिजन वापरला जाण्याची जागा. इथे लोखंडाला काहीच होत नाही. दोन्ही जागांवरचे आयन पाण्यातून एकमेकांकडे सरकतात, भेटतात, आणखी ऑक्सिजन घेतात आणि मग तो ओळखीचा तांबूस गंज बनतो. धातूतून इलेक्ट्रॉन आणि पाण्यातून आयन वाहतात, म्हणजे ही एक लहानशी बॅटरीच झाली. मीठ घातले की पाणी वीज चांगली वाहून नेते आणि बॅटरी जोरात चालते.

केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात हे एका थेंबात दाखवून दिले. हा प्रयोग शाळेत सहज होतो. लोखंडी पट्टी पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करा. मिठाच्या पाण्यात थोडे पोटॅशियम फेरिसायनाइड आणि काही थेंब फिनॉल्फथॅलिन मिसळा. (फेरिसायनाइडमध्ये आम्ल मिसळू नका आणि ते तापवू नका.) या द्रावणाचा एक मोठा थेंब पट्टीवर ठेवा व हात न लावता पाहत राहा. लोखंडाचे आयन जिथे सुटतात तिथे निळा रंग येतो. हायड्रॉक्साइड जिथे बनते तिथे गुलाबी रंग येतो. सुरुवातीला ठिपके इकडेतिकडे दिसतात. थोड्या वेळाने चित्र स्थिर होते: थेंबाच्या मधोमध निळे, कडेने गुलाबी कडे.

थेंबाची कड पातळ असते, तिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. मधला भाग जाड, तिथे ऑक्सिजन कमी. आणि लोखंड खाल्ले जाते ते मध्ये! थोडक्यात, जिथे ऑक्सिजन पोचतो तिथे तो वापरला जातो; किंमत मात्र जिथे तो पोचत नाही त्या जागेला मोजावी लागते.

फियाटच्या दाराचे कोडे इथे सुटते. लांबीला किंवा रंगाला एक बारीक तडा गेला की पाणी आत शिरते. तड्याच्या तोंडाशी ऑक्सिजन भरपूर, आत मात्र कमी. तोंडाजवळचा पत्रा शाबूत राहतो, आतला खाल्ला जातो. भरीस भर म्हणून मिठातले क्लोराइड आयन आत ओढले जातात आणि आतले पाणी आम्लधर्मी होते. त्याने खाणे आणखी वेगाने चालते. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून रंगाला फोड येतो, फोड फुटतो आणि पाण्याला मोठे दार मिळते. आपल्याला फोड दिसतो तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते.

म्हणजे 'हवा लागू देऊ नका' हे स्वच्छ पत्र्याच्या बाबतीत खरे. गंजलेल्या पत्र्यावर झाकण घातले तर मात्र आपण त्या बॅटरीला सोयीची खोली बांधून देतो.

मुंबईचे मीठ, बार्शीची हवा

मालकांनी आणखी एक शंका विचारली होती. बार्शीची हवा कोरडी. पावसाळ्याचे महिने सोडले तर इथे लोखंडी खुर्ची अंगणात राहिली तरी फारसे बिघडत नाही. मग गाडी इथे आल्यावरही का गंजावी?

स्वच्छ लोखंड किती दमट हवेत गंजते याचा अभ्यास इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी १९३०च्या दशकाच्या आसपास केला. सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असेल तर गंजण्याचा वेग अगदी कमी राहतो. त्यावर गेली की तो एकदम वाढतो. या हिशेबाने बार्शीचा उन्हाळा लोखंडाला मानवणारा आहे. परंतु ही गोष्ट स्वच्छ लोखंडाची. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असते आणि ते ३३ टक्के आर्द्रतेतही हवेतले पाणी ओढून घेऊन ओलेच राहते. पावसाळ्यात घरातले जाडे मीठ पाझरते, ते बरेचसे याच अशुद्धीमुळे. मुंबईच्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ दाराच्या पोकळीत, पत्र्यांच्या सांध्यांत, चिखलाच्या थरात बसलेले होते. गाडीने गाव बदलले, पण मीठ बरोबर आणले. बाहेरची हवा कोरडी असली तरी सांध्याच्या आतली कोरडी नव्हती.

शिवाय पाणी साचायची व्यवस्थाही आपणच करतो. दाराच्या काचेवरून ओघळलेले पाणी दाराच्या पोकळीत उतरते. ते निघून जावे म्हणून दाराच्या तळाला बारीक भोके ठेवलेली असतात. ती धुळीने बुजतात. कधी रंगारीच ती लांबीने बुजवून टाकतो. पायाखालच्या रबरी चटईच्या खाली भिजलेले तरट महिनोन्महिने वाळत नाही. जुन्या गाडीत गंज बघायचा तो या जागी: दारांचे तळ, दाराखालच्या लांबट पेट्या, पायाखालचा पत्रा, डिकीचा तळ, मडगार्डच्या आतल्या कडा आणि बॅटरीची बैठक.

पत्रा ओझे कसा उचलतो?

कोणी म्हणेल, दाराचा तळ गेला तर गेला. तो काही गाडी पेलत नाही. दाराचे खरेच तसे आहे. दाराखालच्या पेटीचे तसे नाही.

जुन्या जीपला खाली लोखंडी बिडांची भक्कम चौकट असते. वरचा पत्रा हा नुसता आडोसा. फियाटचे तसे नाही. इटलीत १९५३ साली निघालेल्या फियाट ११००चे नवे रूप, आणि त्यातूनच पुढे आपल्याकडे आलेल्या गाड्या, वेगळ्या चौकटीशिवाय बांधलेल्या आहेत. तळ, बाजूच्या पेट्या, खांब आणि टप एकत्र जोडून जो डबा होतो, तोच सगळे ओझे पेलतो.

पातळ पत्र्याला हे कसे जमते? एक वही-कागद दोन पुस्तकांवर पुलासारखा ठेवा. तो स्वतःच्या वजनानेच वाकतो. त्याला पंख्यासारख्या घड्या घाला. आता त्यावर खडू ठेवता येतो. घराच्या छपराचा नालीदार पत्रा याच कारणाने ताठ असतो. बार्शीकरांना याचे एक जुने उदाहरण जवळचे आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडीच्या बाजूने बार्शीपर्यंत आली. रूळ अवघे अडीच फूट अंतराचे. एका आसावर पाच टनांहून जास्त भार नको ही मर्यादा. म्हणून तिच्या डब्यांच्या चौकटी जड बिडांऐवजी पोलादी पत्रा दाबयंत्राखाली दुमडून केलेल्या होत्या. त्या इंग्लंडमधील लीड्स फोर्ज कंपनीने तयार केल्या. कमी वजनात जास्त ताठरपणा हेच सूत्र पुढे मोटारीच्या पत्र्याला लागू झाले. आणखी एक योगायोग असा, की ज्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, ते सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद आपल्या उमेदवारीच्या काळात या बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचे कंत्राटदार होते.

आता काडेपेटी घ्या. आतला ट्रे काढून नुसते बाहेरचे वेष्टन बोटांनी दाबा; आयताचा समांतरभुज चौकोन होतो आणि ते चपटे होते. ट्रे आत सरकवून दाबा. आता ते हलत नाही. ट्रेच्या भिंतींनी चौकोनाला तिरके होऊ दिले नाही. गाडीच्या दाराखालच्या पेट्या आणि तळाचा पत्रा हेच काम करतात. त्या आतून पोकळ झाल्या की खड्ड्यात गाडी पिळवटते, दारे नीट लागत नाहीत, आणि अपघातात बसणाऱ्यांभोवतीचा डबा दुमडायला वेळ लागत नाही. अशा पेटीवर लांबी भरून रंग देणे म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईला रंग देणे.

मालकांच्या गाडीत डाव्या बाजूची पेटी अशीच निघाली. वरून रंग, आत भुगा. या गाडीत ते नातवंडांना बसवून पंढरपूरला जायचे म्हणत होते.

कापण्याआधी मापणे

मिस्त्रींनी लगेच कात्री चालवली नाही. त्यांनी आधी गाडी चार ठिकाणी टेकूंवर घेतली, इंजिन आणि बैठकी काढून वजन कमी केले. मग दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजून आकडे खडूने टपावर लिहिले आणि चौकटीत आडवी-तिरपी लोखंडी पट्टी टाके मारून बसवली.

हे का, ते आपल्या भूमितीत आहे. चौकोनाच्या चारही बाजू तेवढ्याच राहूनही तो तिरका होऊ शकतो. कर्ण मात्र लगेच बदलतात. त्रिकोण तसा तिरका होऊ शकत नाही. तिरपी पट्टी टाकली की चौकटीचे दोन त्रिकोण होतात आणि ती जागच्या जागी राहते. गंजकी पेटी कापून काढल्यावर गाडी मध्ये खचली आणि तशाच अवस्थेत नवा पत्रा जोडला, तर ती कायमची वाकडी राहते. म्हणूनच दोन्ही बाजू एकाच वेळी कापत नाहीत.

किती कापायचे? भोक दिसते तेवढे नाही. भोकाच्या कडेचा पत्रा हातोडीने वाजवून पाहिला तर बद्द आवाज येतो, आणि घासला की त्यावर काळे खोलगट ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे चालू असलेल्या लहान बॅटऱ्या. खणखणीत आणि चकचकीत पत्रा लागेपर्यंत मागे जायचे, त्याच्याही पुढे एकदोन बोटे. जुन्या गाड्यांच्या पत्र्याची जाडी साधारण २० गेज, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर असते. वेल्डिंगच्या उष्णतेला टिकायला कड पूर्ण जाडीची हवी.

जे सुटे भाग वाचण्याजोगे असतात त्यांचा गंज रसायनांनीही काढता येतो. फॉस्फरिक आम्ल गंज विरघळवते आणि पत्र्यावर फॉस्फेटचा पातळ थर सोडते. त्यावर रंग चांगला धरतो. बिजागऱ्या, ब्रॅकेट असे लहान तुकडे काकवी पाण्यात पातळ करून तिच्यात आठ-पंधरा दिवस बुडवून ठेवण्याची युक्तीही चांगली लागू पडते; काकवीतली सेंद्रिय द्रव्ये लोहाचे आयन धरून ठेवतात. वास मात्र सोसावा लागतो. टॅनिक आम्ल गंजाशी संयोग पावून काळा, न विरघळणारा थर बनवते. हिरडा आणि हिराकस मिसळून पूर्वी शाई करीत, तीच ही रसायने. परंतु पोकळ सांध्यात आम्ल ओतू नये; ते पूर्ण धुऊन निघत नाही आणि आतून खात राहते.

ठोकून आकार देणे

नव्या तुकड्यासाठी आधी पुठ्ठ्याचा नमुना कापतात, मग तो पत्र्यावर आखतात. सरळ घड्या साध्या. अडचण येते ती मडगार्डसारख्या दोन्ही दिशांनी गोल असलेल्या भागात. कागदाने चेंडू गुंडाळताना सुरकुत्या पडतात, कारण सपाट पृष्ठ न ताणता गोल होत नाही. पत्रा म्हणून मध्ये ताणावा लागतो किंवा कडेला आकसवावा लागतो. मिस्त्री वाळूने भरलेल्या चामडी पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने खोलगट करतात. नंतर आतून हातात धरायचा लोखंडी ठोकळा टेकवून वरून हातोडीने हलके, एकमेकांना लागून ठोके देतात आणि पृष्ठ गुळगुळीत करतात.

पुण्यातल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर मठारकाम चालते, ते पाहिलेल्याला हे लगेच ओळखू येईल. तांबट मधूनमधून भांडे भट्टीत तापवून घेतो. ठोकल्याने धातूतले स्फटिक विस्कटतात, त्यांचे थर एकमेकांत अडकतात आणि धातू कडक होत जातो. तापवल्यावर स्फटिक नव्याने जुळतात व तो पुन्हा मऊ होतो. बांधकामाची बारीक तार एकाच जागी वाकवत राहिलो तर ती आधी ताठ होते, मग तुटते, हा आपला रोजचा अनुभव. पोलादी पत्राही असाच जास्त ठोकला तर चिरतो. म्हणून चांगला मिस्त्री ठोके मोजूनमापून घालतो.

सांधणे आणि आकसणे

आता वेल्डिंग. ऑक्सिजन-ॲसिटिलीनच्या ज्योतीचे तापमान ३००० अंश सेल्सिअसच्या वर असते. लोखंड सुमारे १५३८ अंशांना वितळते. सांधा सहज होतो, पण उष्णता आजूबाजूला पसरते. पोलादाची एक मीटर पट्टी एक अंशाने तापली तर सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु तीस सेंटिमीटरचा भाग पाचशे अंशांनी तापला तर वाढ १.८ मिलिमीटर होते. भोवतीचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो तिथल्या तिथे दाबला जाऊन जाड होतो. निवताना मात्र तो आकसतो आणि सगळा पत्रा ओढून घेतो. सपाट दाराला लाटा येतात त्या अशा.

यावर दोन उपाय. एक, सलग ओळ न मारता अंतराअंतरावर ठिपके मारायचे: एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि प्रत्येक निवू द्यायचा. दोन, उष्णता कमी पसरवणारी पद्धत वापरायची. आता लहान गावांतल्या गॅरेजांतही कार्बन डायऑक्साइड वायूच्या आडोशात तारेने होणारे विजेचे वेल्डिंग आले आहे. पातळ पत्र्याला ते अधिक सोयीचे.

हाच शत्रू कधी मित्रही होतो. ठोकून ताणला गेलेला पत्रा मध्ये फुगतो आणि दाबला की डब्याच्या झाकणासारखा टकटक करतो. मिस्त्री त्या जागी रुपयाएवढा ठिपका लाल होईपर्यंत तापवतात, चटकन दोन ठोके देतात आणि ओल्या फडक्याने थंड करतात. ठिपका आकसतो, फुगवटा बसतो. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना लोहार हेच तत्त्व वापरतो: तापवून मोठी करायची, चढवायची आणि पाणी ओतून आवळून घ्यायची.

सांधा कसा असावा हेही महत्त्वाचे. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा नुसता ठेवून कडेने जोडला तर दोन पत्र्यांत फट राहते. फट म्हणजे ऑक्सिजन न पोचणारी जागा. गंजाचे घर आपण पुन्हा बांधले. म्हणून जमेल तिथे कडेला कड भिडवून जोडावे. कड चढवावीच लागली तर फट सीलरने पूर्ण भरावी. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करताना एक धोका आहे. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि त्याच्या धुराने ताप येतो. सांध्याजवळचे जस्त आधी घासून काढावे आणि काम मोकळ्या हवेत करावे.

झाकणे, पण केव्हा?

एवढे झाल्यावर झाकायची वेळ येते. पहिला थर प्राइमरचा. सर्वांच्या परिचयाचा रेड ऑक्साइड म्हणजे लोहाचाच ऑक्साइड, आपल्या गेरूचा भाऊ. लोखंडाची जी पुढे गंजण्याजोगी उरलेली नाही अशी अवस्था रंगद्रव्य म्हणून उपयोगी पडते, ही मुलांना सांगण्यासारखी गंमत आहे. मात्र हा थर नुसता आडोसा करतो. जस्ताची भुकटी असलेला प्राइमर त्यापुढे जातो. ओरखडा पडला तरी लोखंडाऐवजी जस्त इलेक्ट्रॉन देते आणि स्वतः झिजते. पूर्वी पुलांना शेंदरी रंगाचा शिसेयुक्त प्राइमर देत. तो गुणकारी पण विषारी. जुन्या गाडीचा रंग घासताना त्यात शिसे असू शकते, म्हणून कोरडे न घासता ओले घासावे आणि नाकाला फडके नव्हे तर चांगला मास्क लावावा.

लांबीला आम्ही इतका वेळ दोष दिला, पण दोष तिचा नाही. घट्ट, कोरड्या, स्वच्छ पत्र्यावरचे हातोडीचे बारीक खड्डे भरण्यासाठी ती आहे. थर दोन-तीन मिलिमीटरच्या आत असावा. ती थोडी पाणी शोषते, म्हणून उघडी ठेवून पावसात गाडी उभी करू नये. भोक बुजवणे हे तिचे काम नव्हे.

शेवटचे काम दिसत नाही, म्हणून सहसा राहून जाते. पेट्यांच्या आणि दारांच्या पोकळीत पातळ मेणासारखे द्रव्य फवारायचे. ते सांध्यांत झिरपते आणि पाण्याला जागा ठेवत नाही. आणि दाराच्या तळाची भोके उघडी आहेत ना, हे तारेने तपासायचे. या भोकांवर दाराचे आयुष्य ठरते.

मालकांनी निर्णय घेतला तो वेळ घेऊन. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी देण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ साली केले. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल केलेली गाडी त्यात बसत नाही. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली; कारखान्यातून नवी गाडी यायची तर त्याआधीच केव्हा थांबली. जे पत्रे उरले आहेत ते नीट सांधूनच ठेवायचे आहेत. मालकांनी चकचकीत रंग उतरवायला सांगितले. पंढरपूरची फेरी वर्षभर पुढे गेली.

वर्गासाठी

एक. लोहचुंबक आणि पत्र्याच्या डब्यामध्ये वहीचे कागद एकेक वाढवत जा. किती कागदांनंतर चुंबक सुटतो? मग शाळेचे कपाट, दार, कोणाची तरी जुनी स्कूटर तपासा. कुठे लांबी आहे?

दोन. चार खिळे घ्या. एक तसाच, एकाभोवती तांब्याची तार गुंडाळा, एकाभोवती जुन्या सेलच्या जस्ताची पट्टी, एकाला अर्ध्या भागावर रंग देऊन रंगाला टाचणीने ओरखडा काढा. चारही मिठाच्या पाण्यात वेगवेगळे ठेवा. कोणता आधी गंजतो, कोणता वाचतो, आणि ओरखड्याच्या कडेचा रंग आठवड्यानंतर नखाने सुटतो का?

तीन. शाळेच्या फाटकाचा, पंपाचा किंवा बाकाचा लोखंडी भाग नीट पाहा. सर्वांत जास्त गंज उघड्या, उन्हावाऱ्यातल्या जागी आहे, की सांध्यात, बुंध्याशी आणि रंगाच्या फोडाखाली? मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा, मग पाहायला न्या. पुढच्या वेळी फाटकाला रंग द्यायची वेळ आली, की रंगाऱ्याला आधी खरवडायला लावणारी मुलेच असतील.